माती, मुदत आणि मंगलमूर्ती

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सकाळी घरातील कर्ता पुरुष डोक्यावर टोपी चढवून, हाती पाट घेऊन मूर्ती आणावयास निघतो. मागे झांजा वाजविणारी मुले असतात, दारात औक्षणाचे तबक सिद्ध असते, आणि स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकांची लगबग चाललेली असते. मूर्तिकाराच्या दुकानापासून आपल्या उंबरठ्यापर्यंतची ती शंभर-दोनशे पावले म्हणजे मंगलमूर्तीचा प्रवास, अशीच आपली बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः ही त्या प्रवासाची अखेरची पावले होत. त्या आधीचा प्रवास नऊ-दहा महिन्यांचा आणि कित्येक शेकडो मैलांचा असतो. त्यात गुजरातची माती, राजस्थानचे जिप्सम, काथ्या, रबर, रंग, व्याजाने काढलेले पैसे, न्यायालयाचे निकाल आणि कोकणचा पाऊस एवढे सगळे येऊन मिळते. या प्रवासाविषयी देवघरात सहसा बोलणे निघत नाही. उत्सवाच्या निमित्ताने ते येथे काढीत आहोत.

हा विषय निघाला की प्रथम आठवण होते ती रायगड जिल्ह्यातील पेणची. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावरील हे गाव एके काळी पोहे, पापड आणि मीठ यांसाठी प्रसिद्ध होते. आज ‘पेणचा गणपती’ हे शब्द जणू एकाच दमात उच्चारले जातात. देवधर घराण्यासारख्या जुन्या मूर्तिकारांनी पेणच्या मूर्तीला रेखीवपणा दिला, डोळ्यांना ती विशिष्ट प्रसन्न नजर दिली, आणि पेणचे नाव मुंबई-पुण्यापर्यंत पोचविले. गावात व आसपास मूर्ती घडविण्याच्या ज्या जागा आहेत त्यांना लोक ‘कारखाने’ म्हणतात. देवाच्या मूर्तीचा कारखाना हा शब्द प्रथम कानास खटकतो. पण दिवाळीनंतर तेथे एकदा जाऊन फळ्यांवर ओळीने मांडलेल्या, अद्याप रंग न लागलेल्या शेकडो पांढऱ्या गणेशमूर्ती पाहिल्या म्हणजे याहून योग्य शब्द सुचत नाही. कोणी साचे भरतो, कोणी सोंड व हात जोडतो, स्त्रिया पॉलिशपेपरने अंग घासून गुळगुळीत करतात, कोणी सफेदी देतो, कोणी पितांबराचा रंग उडवितो. आणि सर्वांत कसबी असा एकच हात शेवटी डोळ्यांची आखणी करतो. आखणी करणारा मिळेनासा झाला तर बाकी सर्वांचे श्रम फळीवर आंधळे बसून राहतात. अशी माणसे थोडी, आणि श्रावणात ती प्रत्येक कारखान्यास एकाच वेळी हवी असतात. तरुण मुले या कामाकडे पूर्वीइतकी वळत नाहीत, ही तक्रार पेणमध्ये घरोघर ऐकू येते.

चतुर्थीचे व्रत हे पार्थिव गणेशाचे व्रत होय. पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून झालेला, मातीचा. मातीची मूर्ती करावी, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करावी, पूजन करावे आणि उत्तरपूजा होताच ती पुन्हा जळात विसर्जित करावी, असा हा क्रम आहे. मूर्ती कायम टिकावी अशी अपेक्षाच त्यात नाही. पूर्वी गावच्या तळ्याकाठची किंवा शेतातील माती आणून ती घडविली जाई, आणि त्याच तळ्यात ती परत जाई. गोव्यात आजही चिकण मातीच्या मूर्तीची ही परंपरा बऱ्याच अंशी टिकून आहे. तेथील शासन मातीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिरांना प्रत्येक मूर्तीमागे अर्थसाहाय्यही देते. महाराष्ट्रात मात्र ‘शाडू’ हा शब्दच मातीच्या मूर्तीचा पर्याय होऊन बसला आहे, आणि ही शाडू आपल्या भूमीतील नव्हे. ती प्रामुख्याने गुजरातेतून, भावनगरकडून, गोणींत भरून येते. आपण जिला निखळ देशी आणि घरची समजतो, ती मूर्ती मुळातच परप्रांतीच्या मातीवर अवलंबून आहे. खाणीवर पाऊस लवकर पडला, वाहतुकीचे भाडे वाढले किंवा सगळीकडून एकदम मागणी आली, की पेणच्या मूर्तिकारास त्याची झळ लागते.

पाट देण्याची रीत

कोकणात, विशेषतः दक्षिण भागात, एक सुंदर रीत आहे. साधारण नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट मूर्तिकाराच्या गणपतीशाळेत नेऊन द्यावयाचा. कोणाचा पाट केवढा, कोणाची मूर्ती किती उंच, कोणास बैठकीची हवी, कोणाकडे उंदीर डावीकडे असतो, हे मूर्तिकारास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. जितके पाट तितक्याच मूर्ती घडतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी विडा, सुपारी, नारळ आणि यथाशक्ती दक्षिणा ठेवून मूर्ती उचलायची. तिचा भाव करायचा नसतो. आजच्या कारखानदारीत मागणी आल्यावरच उत्पादन करणे आणि माल साठवून न ठेवणे ही मोठी आधुनिक युक्ती मानली जाते, तिच्यावर ग्रंथ लिहिले जातात. आमच्या गणपतीशाळेत ती युक्ती पाटाच्या रूपाने भिंतीशी टेकून उभी होती. एकही मूर्ती उरत नसे, एकही घर रिकामे राहत नसे.

१८९३ साली लोकमान्य टिळकांनी उत्सवास सार्वजनिक स्वरूप दिले, शहरे वाढली, गिरणगावात कोकणी माणूस जाऊन वसला, आणि पाट देण्याइतके मूर्तिकाराशी सान्निध्य राहिले नाही. चाळीतील कुटुंबास मूर्ती हवी असे, पण तिचा मूर्तिकार कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेथून पुढे मूर्ती आधी घडू लागली आणि भक्त नंतर ठरू लागला. मूर्तिकार आणि यजमान यांच्यामध्ये घाऊक व्यापारी आला, दुकानदार आला, रस्त्याकडेचा मंडप आला. किती मूर्ती लागतील याचा अंदाज बांधणे हे आता मूर्तिकाराच्या कपाळी आले, आणि अंदाज चुकल्यास तोटाही त्याच्याच.

हमरापूरच्या वाटेवर

पेणजवळ हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशी गावे आहेत. येथील घराघरांत मूर्ती घडतात. या गावांचे वैशिष्ट्य असे की येथून रंग न दिलेल्या, कच्च्या मूर्तींचा मोठा व्यापार चालतो. मुंबई, पुणे, नाशिककडील आणि पार विदर्भाकडील व्यापारी येथून कच्च्या मूर्ती नेतात आणि आपापल्या गावी त्या रंगवून विकतात. म्हणजे आपण ज्यास ‘आमच्या गावच्या मूर्तिकाराची मूर्ती’ म्हणतो, तिचे अंग हमरापूरचे आणि रंग आपल्या गावचा, असेही पुष्कळदा असते. यात कमीपणा काही नाही. वाटून घेतलेले काम नेहमीच अधिक वेगाने होते.

या वेगाचे खरे कारण प्लास्टर ऑफ पॅरिस होय. जिप्सम हा खनिज दगड, मुख्यतः राजस्थानातील बिकानेर-नागौरकडचा, सुमारे दीडशे अंश उष्णतेवर भाजला की त्यातील बरेचसे पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी मिसळताच ती पुन्हा दगड होऊ पाहते. पंधरा-वीस मिनिटांत साच्यातून मूर्ती निघते. आत काथ्याचा थर दिला की भक्कमपणा येतो, आणि आतून पोकळ असल्याने मोठी मूर्तीही हलकी राहते. शाडूचे तसे नाही. शाडू भिजवावी लागते, मळावी लागते, साच्यात दाबून भरावी लागते. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर ओल्या कुंचल्याने हात फिरवावा लागतो, आणि मग ती सावलीत सावकाश वाळू द्यावी लागते. उन्हात ठेवून घाई केली की अंगास भेगा पडतात. पावसाळी हवेत ती दिवस दिवस ओलीच राहते. वजन अधिक, धक्का लागला की सोंड किंवा बोटे तुटण्याचे भय अधिक. ज्या घराने दिवसाकाठी प्लास्टरच्या पुष्कळ मूर्ती काढल्या त्यास शाडूच्या थोड्याच काढता येतात, आणि जागा मात्र तेवढीच किंवा जास्तच लागते, कारण वाळणारी मूर्ती फळी अडवून बसते.

म्हणूनच प्लास्टर सोडून शाडूकडे वळा, असे मूर्तिकारास सांगणे हे आपणास वाटते तितके सोपे नाही. ते केवळ पदार्थ बदलणे नव्हे. साचे बदलावे लागतात, हात पुन्हा शिकवावे लागतात, गोदाम मोठे घ्यावे लागते, आणि हंगाम दोन-तीन महिने आधी सुरू करावा लागतो. हे सारे करण्यास ज्याच्याजवळ भांडवल नाही तो मूर्तिकार पर्यावरणाचा शत्रू आहे असे समजणे अन्यायाचे होईल. प्रस्तुत लेखकाच्या घरी शाडूचीच मूर्ती येते. तरीही हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

या वेगास दुसरी एक काळी बाजू आहे. एखादा कुशल शिल्पकार महिनोन्‌महिने खपून मातीत नवे मॉडेल घडवितो. त्याची एक मूर्ती बाजारात आली की कोणीही ती विकत घेऊन तिच्यावरून रबरी साचा काढू शकतो, आणि मूळ कलावंताच्या हाती काही लागण्यापूर्वीच तीच नजर, तीच बैठक दहा कारखान्यांतून बाहेर पडते. नवे घडविणाऱ्यास त्याचा मोबदला मिळत नाही, म्हणून नवे घडविणारेही कमी होत जातात.

न टळणारी तिथी

इतर कोणत्याही कारखान्यात माल चार दिवस उशिरा निघाला तर गिऱ्हाईक रागावते, दंड पडतो, पण माल विकला जातो. गणेशमूर्तीचे तसे नाही. तृतीयेच्या रात्रीपर्यंत तिला मागणी, आणि चतुर्थीच्या दुपारनंतर तिच्याकडे कोणी पाहत नाही. वर्षभराचा सारा धंदा एका तिथीवर तोललेला असतो.

शिवाय ही तिथी इंग्रजी कॅलेंडरात स्थिर नसते. २०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने ती १९ सप्टेंबरला गेली. म्हणजे मूर्तिकारास ३८४ दिवस मिळाले. पुढे २०२४ साली ७ सप्टेंबर, आणि २०२५ साली २७ ऑगस्ट. म्हणजे ३५४ दिवसच. अधिक महिन्याच्या वर्षी हाताला उसंत मिळते खरी, परंतु सावकाराचे वा बँकेचे व्याज अधिक महिना मानीत नाही, आणि मजुरीचे दिवसही वाढतात. ज्या वर्षी तिथी अलीकडे येते त्या वर्षी ऐन पावसाळ्यातच रंगकाम उरकावे लागते. पंचांग हेच या धंद्याचे वेळापत्रक होय, आणि मुरलेला मूर्तिकार पुढच्या वर्षीचे पंचांग हाती आले की प्रथम भाद्रपदाचे पान उघडतो.

पैशाचे गणित याहून कठीण. माती, प्लास्टर, रंग, काथ्या यांचे पैसे कार्तिकापासून द्यावे लागतात. मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. विक्रीचे पैसे मात्र श्रावण-भाद्रपदात, आणि उधारीवर माल नेणाऱ्या व्यापाऱ्याकडून तर दसरा-दिवाळीस. मधले आठ-नऊ महिने खेळते भांडवल कोठून आणावयाचे? पेणमध्ये हा प्रश्न विशेष दुखरा आहे, कारण २०१० साली तेथील एक नागरी सहकारी बँक गैरव्यवहारांमुळे बंद पडण्याच्या अवस्थेस आली आणि ज्यांच्या ठेवी तीत होत्या त्यांची पुंजी वर्षानुवर्षे अडकून राहिली. हंगाम उभा करावयास जे पैसे बाजूला ठेवावयाचे ते ज्याचे असे अडकले, त्यास खासगी सावकारावाचून दुसरी वाट ती कोणती?

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही व्यापारशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. मूर्ती ठरविलेल्या कुटुंबात ऐन वेळी सुतक आले की त्या घरी त्या वर्षी गणपती बसत नाही किंवा दुसऱ्याच्या हस्ते बसवावा लागतो. ठरलेली मूर्ती मग फळीवर राहते. अशा वेळी इसाराचे पैसे परत मागणारी माणसे असतात आणि न मागणारीही असतात. जुने मूर्तिकार ते पैसे बिनबोभाट परत करतात, कारण दुःखात असलेल्या घराशी व्यवहार करू नये असा त्यांचा संस्कार. तोटा मात्र त्यांचाच. प्राणप्रतिष्ठा झालेली नसल्याने अशी मूर्ती दुसऱ्या घरी देण्यास कोणताही दोष नाही. रस्त्यात मूर्तीस इजा झाली तरी घाबरून जाऊ नये, दुसरी आणून पूजन करावे, असेच जाणते पुरोहित सांगतात. आपल्याकडे या बाबतीत अकारण भीती फार आहे, आणि तिचा भार शेवटी मूर्तिकारावर पडतो.

२०२० साल तर कोणी विसरू म्हटले तरी विसरणार नाही. महामारीच्या टाळेबंदीत हंगामाचे ऐन महिने गेले. मजूर गावी परतले, माती व रंग यांच्या गाड्या थांबल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आदळले आणि छपरे उडाली. शासनाने सार्वजनिक मूर्तीस चार फूट व घरगुती मूर्तीस दोन फूट अशी उंचीची मर्यादा घातली, आणि ही मर्यादा जाहीर होईपर्यंत उंच मूर्ती घडवून झाल्या होत्या. त्या गोदामात राहिल्या. २०२१ सालीही हीच मर्यादा कायम होती. २०२२ साली ती उठली तेव्हा लोक उत्साहाने परतले. परंतु दोन वर्षांचे व्याज कोणत्याही उत्साहाने फिटत नसते.

निकालांचे वर्ष

प्लास्टरच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत, रंगांतील विषारी द्रव्ये जळास बाधक होतात, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० सालच्या विसर्जनविषयक मार्गदर्शक सूचनांतच सांगितले होते. मे २०२० मध्ये मंडळाने त्या सूचना सुधारून प्लास्टरवर स्पष्ट बंदी घातली. मूर्ती आधीच तयार असल्याने ती त्याच महिन्यात एका वर्षापुरती पुढे ढकलण्यात आली. पुढे काही वर्षे बंदी कागदावर आणि मूर्ती बाजारात, असा देखावा राहिला. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीची कसोशीने अंमलबजावणी करण्यास बजावले. दोन दिवसांनी, १ फेब्रुवारीस, माघी गणेशजयंती होती. मुंबईच्या उपनगरांतील काही मंडळांच्या मोठ्या मूर्ती विसर्जनाविना झाकून ठेवाव्या लागल्या, हे दृश्य भाविकांच्या मनास लागले.

इकडे पेण-हमरापूरच्या कारखान्यांत तोवर अर्धा हंगाम झाला होता. घडलेल्या मूर्तींचे काय करावे, पुढे घडवाव्यात की थांबावे, हे कोणी सांगू शकत नव्हते. व्यापारी इसार देईनात, मजुरांना काम देता येईना. राज्य शासनाने हा प्रश्न डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे सोपविला. ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयात त्यांचे विसर्जन परवानगीवाचून होऊ नये असे सांगितले. २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांत आणि त्याहून उंच मूर्ती नैसर्गिक पाण्यात, अशी व्यवस्था मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांसाठी ठरली.

तारखा पाहाव्यात. ३० जानेवारीस मनाई, ९ जूनला मोकळीक, २७ ऑगस्टला चतुर्थी. मोकळीक मिळाल्यापासून चतुर्थीपर्यंत अवघे ७९ दिवस. जो धंदा कार्तिकात सुरू होतो त्याला ज्येष्ठात उत्तर मिळाले. न्यायालयाचा किंवा पर्यावरणाचा आग्रह चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. नद्या आणि समुद्रही आपल्याला पूज्यच आहेत. परंतु बंदी असो वा परवानगी, ती दसऱ्यापूर्वी कळावी एवढी मूर्तिकाराची मागणी असते, आणि ती आम्हास पूर्णपणे रास्त वाटते. मातीकडे वळावयाचे तर भावनगरची गोणी कार्तिकात दारी यावयास हवी. मुंबई महानगरपालिकेने अलीकडच्या वर्षांत मूर्तिकारांना विनामूल्य शाडू व मंडपासाठी जागा देण्यास प्रारंभ केला आहे. हा उपक्रम योग्य दिशेचा, पण मुंबईच्या हद्दीतला. हमरापूरच्या घरात ती गोणी पोचत नाही.

पावसाची वाट, समुद्राची वाट

घडलेली, रंगलेली मूर्ती पेणहून बाहेर पडते ती भर पावसात. टेम्पोत खाली पेंढा, मूर्तीभोवती कागद व कापड, वर ताडपत्री. पळस्पे ते इंदापूर या टप्प्यातील महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या काळात प्रत्येक पावसाळ्यात खड्ड्यांनी किती सोंडा आणि किती मुकुट मोडले याची नोंद कोणी ठेवली नसेल. ज्या मूर्तिकाराची मूर्ती शाडूची, त्याचे नुकसान अर्थातच अधिक. वाहतूकवाला जबाबदारी घेत नाही, विमा उतरविण्याची पद्धत रुळलेली नाही. मोडलेली मूर्ती मूर्तिकाराच्या नावे पडते.

परदेशी जाणाऱ्या मूर्तींची कथा निराळी. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस येथील मराठी मंडळी पेणची मूर्ती आवर्जून मागवितात, आणि त्या मूर्ती चैत्रापूर्वीच बांधून होतात, कारण जहाजास आठवडे लागतात. न्हावा-शेवा बंदर पेणच्याच जिल्ह्यात आहे, हे त्यातल्या त्यात सुदैव. बाकी अडचणी पुष्कळ. ज्या पेंढ्यात आपली मूर्ती सुरक्षित राहते तो पेंढा ऑस्ट्रेलियात उतरविण्यास मनाई, कारण त्यातून कीड जाईल. लाकडी पेटी द्यायची तर ते लाकूड ठरलेल्या रीतीने तापवून त्यावर तसा शिक्का लागतो. २०२१ साली जगभर मालपेट्यांची टंचाई होऊन जहाजाचे भाडे कित्येक पटींनी वाढले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे पुष्कळशी जहाजे आफ्रिकेस वळसा घालू लागली आणि युरोप-अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वाटेवर दहा-बारा दिवसांची भर पडली. ज्यांची तिथी ठरलेली त्यांना हे दहा-बारा दिवस म्हणजे सर्वस्व. विलक्षण योगायोग असा की अमेरिकेने भारतीय मालावर लादलेल्या जादा जकातीचा दुसरा हप्ता २०२५ साली ज्या दिवशी लागू झाला तो दिवस होता २७ ऑगस्ट, गणेशचतुर्थीचा! त्या वर्षीच्या मूर्ती तोवर मखरात बसलेल्या होत्या, एवढेच काय ते समाधान.

परतीचा प्रवास

मूर्ती घरी आणून ठेवली की साखळी संपली, असे व्यापारी म्हणेल. भाविकास तसे म्हणता येत नाही, कारण विसर्जन हा पूजेचाच भाग आहे. आणि येथेच पदार्थाचा गुण दिसतो. भिजल्यावर प्लास्टर पुन्हा जिप्सम होते, आणि जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळावयाची तर सुमारे दोन हजार लिटर पाणी, आणि तेही पुष्कळ कालावधी, लागावा. घरची बादली किंवा सोसायटीचा हौद यास कसा पुरणार? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक तोडगा दिला: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट मिसळले की दोन-तीन दिवसांत मूर्ती विघटित होते, पाण्यात खत म्हणून उपयोगी पडणारे अमोनियम सल्फेट राहते आणि तळाशी चुनखडीची भुकटी बसते. पुणे महानगरपालिकेने २०१६ पासून ही पूड नागरिकांस देण्यास सुरुवात केली. ज्या घरी प्लास्टरचीच मूर्ती आली असेल त्यांनी तिच्याकडे तुच्छतेने न पाहता या मार्गाचा जरूर विचार करावा.

शाडूसंबंधीही आपली एक समजूत तपासून घेण्यासारखी आहे. शाडू पाण्यात चटकन विरघळते असे आपण म्हणतो. खरे पाहता ती विरघळत नाही, सुटी होऊन तळाशी गाळ बनून बसते. हजारो मूर्तींचा गाळ एकाच तळ्यात किंवा विहिरीत बसला तर झरे बुजतात. म्हणून पुण्यात काही मंडळींनी विसर्जनानंतरची शाडू वेगळी गोळा करून, ती सुकवून, चाळून मूर्तिकारांकडे परत पाठविण्याचा उद्योग आरंभिला आहे. घरच्या बादलीत विसर्जन केलेल्या मूर्तीची माती त्यासाठी सर्वांत उत्तम, कारण तीत निर्माल्य व कचरा मिसळलेला नसतो. भावनगरहून आलेली माती अशी दोन-तीन चतुर्थ्या येथेच राहिली तर खाणीवरचा भार हलका होईल आणि मूर्तिकाराचे भाडेही वाचेल. पार्थिव पूजनाच्या मूळ कल्पनेशी हे किती जुळते, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

घरगुती विसर्जनानंतर नदीकाठची मूठभर वाळू पाटावर ठेवून घरी आणण्याची आपल्याकडे चाल आहे. तिची आरती होते, ती वाळू धान्याच्या कोठीत किंवा परसात टाकतात, आणि पाट धुऊन पुसून माळ्यावर जातो. त्या वेळी पेणच्या कारखान्यात न विकल्या गेलेल्या मूर्तींवर चादरी घालण्याचे काम चाललेले असते. फळ्या धुतल्या जातात, रबरी साचे तपासून फाटलेले बाजूला काढले जातात, आणि हिशेबाच्या वहीत उधारीची पाने दुमडून ठेवली जातात. पितृपक्ष संपून घट बसले म्हणजे शाडूचा आणि प्लास्टरचा नवा भाव काय निघाला, याची विचारणा सुरू होते.